क्रिबमधलं तळं

८ डिसेंबर, रविवार

डोकं फिरलंय माझं. आठवडाभर ग्राउंडवर पोरांवर ओरडून घसा बसलाय, म्हणून आता ओरडायचं ते इथं.

सकाळी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर एल्रॉय घरी आला. माझा चुलतभाऊ. त्याच्या लेकीचं, रेनिटाचं, लग्न बारा जानेवारीला, आणि आदल्या संध्याकाळी उंब्राचं पाणी. शाळेतल्या माधुरीला मी या पाण्याचं आमंत्रण दिलंय, तर तिने परवा विचारलं की हे असतं काय. मी सांगितलं, बायका लुगडी नेसून कलशा घेऊन बँडच्या मागून विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. आमच्या गावठाणात त्या वाटेवर एकच चाल वाजते. तिला सगळे ‘फ्रेडीची चाल’ म्हणतात. फ्रेडी म्हणजे माझे पप्पा. चालीत मध्येच एक जागा आहे, तिथं ट्रंपेट गप्प होतं, ढोल गप्प होतो आणि सगळ्या बायका जागच्या जागी थांबतात. मग पुन्हा सुरू. माधुरी म्हणाली, का थांबता? मी म्हटलं, रीत आहे बाई, चित्रकलेच्या टीचरने एवढ्या चौकशा करायच्या नसतात.

तर एल्रॉय पप्पांसमोर बसला आणि सरळ म्हणाला की अंकल, रेनिटाच्या पाण्याला तुम्हीच वाजवायचं. पप्पा नाही म्हणाले. मम्मी गेली त्या दिवसापासून ट्रंपेट कपाटावर आहे, पेटीसकट. तीन लग्नं झाली गावठाणात, एकाही पाण्याला पप्पा गेले नाहीत. बाहेरच्या बँडवाल्यांनी काय वाट्टेल ते वाजवलं.

एल्रॉयने मग फोन काढला. त्याने भांडुपचा एक बँड बघून ठेवलाय, त्यांच्या प्रितमने चाल जुन्या व्हिडिओवरून बसवलीय. ऐकवली. पोरगा वाजवतो झकास, पण थांबायच्या जागी थांबलाच नाही. एल्रॉय म्हणाला, तो प्रितम म्हणतो मध्ये ब्रेक घेतला की पब्लिकचा मूड जातो. पप्पा ऐकून उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना मी सकाळीच पाणी घातलेलं.

मी ठरवलंय, पप्पा वाजवणार. रेनिटाच्याच पाण्याला वाजवणार. तीन वर्षं हा माणूस खुर्चीत बसून पेपरातली कोडी सोडवतोय, हे मी आणखी बघू शकत नाही. यंदा नाताळची क्रिबपण, म्हणजे येशूजन्माचा देखावाही, करणार. मम्मी गेल्यापासून मूर्तींची ती पेटीही कोणी उघडलेली नाही. बस झालं.

१५ डिसेंबर, रविवार

अगं आई गं! कुठून सुरू करू?

क्रिबची पेटी काढली. मेंढरं, मेंढपाळ, तीन राजे, एकाचा हात तुटका. बर्फ म्हणून पसरायचा कापूस पिवळा पडलेला. आणि ते तळं. आमच्या क्रिबमध्ये कायम एक गोल तळं असायचं, कापसाच्या मधोमध, त्यावर दोन प्लास्टिकची बदकं. लहान मुलं मुद्दाम बघायला यायची. मला वाटायचं आरशाची काच आहे. तर आज मागे चिकटलेला कापूस काढायला म्हणून तळं उलटं केलं आणि मी जमिनीवरच बसले. ती सीडी आहे! माझी बर्फाची सीडी!

लाल मफलरवाली बाई, बर्फाने झाकलेला बाक, वर जपानी अक्षरं. रंग उडालाय, पण मफलर अजून लालच. ही हरवली म्हणून मी नववीत घर डोक्यावर घेतलं होतं. आणि ही दर नाताळात माझ्या नाकासमोर बाळ येशूच्या पायाशी पडलेली!

मोरीता-सानची सीडी ही. सीप्झमधल्या एका कंपनीत मशीन बसवायला आलेला जपानी इंजिनीअर, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. त्याच्या गावाला खिडकीपर्यंत बर्फ पडायचा म्हणे. इथल्या डिसेंबरात तो पंखा फुल करून, बनियनवर, डोळे मिटून ही सीडी ऐकत बसायचा. जाताना प्लेअरसकट मला देऊन गेला. सगळा अल्बम थंडीचा. मला शब्द एक कळत नव्हता, म्हणून गाण्यांना मीच नावं ठेवली होती. पहिलं पावलांचं, कारण सुरुवातीला बर्फात चालल्यासारखा करकर आवाज. दुसरं घंट्यांचं. तिसरं किटलीचं, त्यात खरोखर किटलीची शिटी होती. त्यावर मी आरशासमोर जो काही नाच करायचे तो देवानेच बघितलाय. चौथं मात्र रडकं होतं, सुरू झालं की मी बटण दाबून पुढं जायचे. आणि प्लेअरही असा बिघडलेला की शाळेतून येऊन लावला की नेमका चौथ्यावरच सुरू व्हायचा. रोज! मी चिडचिड करायचे. मम्मी स्वयंपाकघरातून म्हणायची, कमी कर आवाज, डोकं उठतंय. मम्मीला ती सीडी मुळीच आवडत नसे.

मग प्लेअर कायमचा गेला, आणि सीडी कुठं गेली ते कोणाला माहीत नव्हतं. आता कळलं. हे कोणाचं काम? मम्मीचंच. कुठलीही वस्तू फेकायची नाही, कशालातरी लावायची.

मला ऐकायचीय. आत्ता ऐकायचीय.

१७ डिसेंबर, मंगळवार

अख्ख्या मरोळमध्ये सीडी प्लेअर नाही! शाळेचा बंद. माधुरीचा भंगारात. मोबाइलच्या दुकानातला पोरगा सीडी हातात घेऊन असा बघत होता की हिला खायचं की काय. म्हणाला, मॅडम, यूट्यूबवर शोधा ना. शोधू कशी, नाव वाचता यायला हवं ना! फोनने फोटो काढून अक्षरं वाचायला लावली, तर त्याने ‘पांढरा’ एवढाच शब्द दिला आणि बाकी उडालेल्या रंगात गेलं.

सीडी पुसून पुसून चकचकीत केलीय. मेणाचे डाग निघाले, ओरखडे काही निघाले नाहीत. बॅगेत घेऊनच फिरतेय. क्रिबमध्ये सध्या पावडरच्या डबीचा आरसा ठेवलाय.

१९ डिसेंबर, गुरुवार

मिळाला! एल्रॉयच्या जुन्या गाडीत सीडी लागते. किती वर्षं त्या गाडीला नावं ठेवली मी, सगळी मागे घेते.

शाळा सुटल्यावर गाडी चर्चमागच्या गल्लीत उभी होती, तिथंच आम्ही दोघं आत बसलो, काचा बंद, एसी फुल. मी म्हटलं हे थंडीचं गाणं आहे, थंडीतच ऐकायचं. एल्रॉय म्हणाला, पेट्रोल तुझा बाप देणार का. सीडी आत गेली, घरघरली, मला घाम फुटला. आणि मग करकर, करकर. पावलं! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. सगळं आठवत होतं, कुठं ड्रम येणार, कुठं ती हसते. शब्द कळत नसताना मी तिच्याबरोबर गात होते, चाळिशीला आलेली पीटी टीचर. एल्रॉय आधी हसला, मग किटलीच्या गाण्यावर स्टिअरिंगवर ठेका धरायला लागला. बाहेरून काशीराम इस्त्रीवाला काचेला नाक लावून बघत होता. बघू दे.

किटलीनंतर चौथं सुरू झालं. सवयीने माझा हात बटणाकडे गेला, पण एल्रॉयने धरला. म्हणाला, थांब.

नुसता पियानो. मग तिचा आवाज, हळू, एकेक पायरी चढल्यासारखा. मला काही कळेना आणि एल्रॉयचा चेहरा विचित्र झाला. तो बोटांनी ठेका धरायला लागला, गाण्यापेक्षा दुप्पट वेगाने, पाण्याच्या ढोलाचा ठेका. आणि मला ऐकू आलं.

फ्रेडीची चाल. अगदी तीच. वेग कमी, ढोल नाही, जपानी बाई गातेय, पण सूर तोच, चढ तोच, उतार तोच.

“वाट लागली,” एल्रॉय म्हणाला. 

२० डिसेंबर, शुक्रवार

डोक्यात भुंगा. पप्पांनी चाल चोरली? माझ्या सीडीवरून? आणि सगळं गावठाण वीस वर्षं त्यांचं नाव घेतंय, पाहुण्यांना सांगतंय, आमच्या फ्रेडीने बांधलेली चाल. कोणी विचारलं की पप्पा म्हणायचे, आली कुठून तरी. मला तो मोठेपणा वाटायचा.

खरं सांगायचं तर राग नाही आला मला. गंमतच वाटतेय जास्त. एक जपानी बाई बर्फात बसून रडतेय, आणि तिच्या रडण्यावर आमच्या बायका कलशा घेऊन नाचताहेत! पण भीती वाटतेय. पप्पांना कळलं की मला कळलंय, तर संपलंच. शरमेने तो माणूस ट्रंपेटकडे पुन्हा बघणार नाही. एल्रॉयला शपथ घातलीय, तोंड उघडलंस तर रेनिटाच्या लग्नात जेवणार नाही. तो म्हणाला, तेवढेच वडे वाचतील.

एक गोष्ट मात्र सापडलीय, आणि त्यावर मी जाम खूश आहे. आज पुन्हा जाऊन ऐकलं. गाण्यात ती थांबायची जागा नाही! तिसऱ्या ओळीच्या आधी बाई थांबतच नाही, सरळ पुढे जाते, त्या प्रितमसारखी. म्हणजे थांबणं पप्पांनी घातलं. म्हणजे नुसती चोरी नाही, स्वतःची भर आहे. आमच्या घरात संगीत काय ते पप्पांकडेच. मी बेसूर, आणि मम्मीला तर दम्यामुळे लहानपणीच चर्चच्या गाणाऱ्यांच्या कॉयरमधून काढलेलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना बिचारी नुसती गुणगुणायची, तेही मधेच श्वास घेऊन.

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ

सकाळ मस्त गेली. तळलेले फुगे छान फुगले, मटणाचं इंदियाल पप्पांनी दोनदा घेतलं. मग एल्रॉयकडची मंडळी आली, लहान मुलं क्रिबभोवती बसली आणि पप्पा कौतुकाने वाकून बघायला गेले. वाकले तसेच राहिले.

“तळं कुठंय?”

मी म्हटलं, हे काय, ठेवलंय की. ते म्हणाले, हे नाही. आमचं. मी काहीतरी बोलले, जुनं झालं होतं, ओरखडे पडले होते. पप्पा ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, फेकलंस? आणि त्यांचा आवाज असा आला की मी पळत जाऊन बॅगेतून सीडी आणली. त्यांनी ती रुमालाने पुसली, आरसा काढला, कापूस सारखा केला, सीडी बसवली, वर बदकं ठेवली. ज्या बाजूला पूर्वी असायची त्याच बाजूला, समोरासमोर. एल्रॉय माझ्याकडे बघत होता, मी छताकडे.

नंतर ते जेवले नाहीत. मला वाटतं त्यांना संशय आलाय. चोरी पकडली जाणार म्हणून घाबरलेत बिचारे. मला फार वाईट वाटलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

एल्रॉयला भांडुपवाल्यांना होकार कळवायचाय, ते थांबायला तयार नाहीत. मी चार तारखेपर्यंत मुदत मागितली. गल्लीत पोरं सरत्या वर्षाचा गवताचा म्हातारा रात्री जाळायला बांधताहेत, पप्पांची जुनी पँट मागायला आली होती. पप्पांनी हसून दिली. हसतात म्हणजे अजून आशा आहे.

आता सरळ बोलायचं. लपवाछपवी मला जमत नाही.

४ जानेवारी, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

दुपारी मी क्रिबमधून सीडी उचलली आणि पप्पांना म्हटलं, चला माझ्याबरोबर. कुठं, विचारलं नाही. हातात कोडं होतं ते तसंच घेऊन आले. एल्रॉय गाडी घेऊन उभाच होता. पप्पा पुढं बसले, मी मागे. मी सगळं पाठ केलं होतं. पप्पा, आम्हाला माहीत आहे, आम्हाला काही वाटत नाही, सगळे इकडून तिकडून घेतातच. बोललेसुद्धा. पप्पा म्हणाले, काय बडबडतेस? मी मागून हात घालून सरळ चौथं लावलं.

पियानो सुरू झाला. पप्पांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर शरम नाही, काही नाही. ओळखीचं कोणी दारात आलं की होतो तसा चेहरा झाला. बोटं मांडीवर हलायला लागली, ट्रंपेटच्या कळा दाबतात तशी. मग तिसरी ओळ आली, बाई पुढे निघून गेली आणि पप्पांची बोटं अडकली. डोळे उघडले.

“मागे घे,” म्हणाले.

मी घेतलं. पुन्हा तेच. पुन्हा मागे घे. एल्रॉयलाही कळेना काय चाललंय.

“ही थांबत नाही,” पप्पा म्हणाले.

मी म्हटलं, नाहीच थांबत, ते थांबणं तुम्ही घातलंत ना. पप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं.

“मी कशाला घालू? मी ही सीडी कधी ऐकलीच नाही बाय. मी असायचो विमानतळावर कार्गोच्या शिफ्टला. तू शाळेत. तुझी मम्मी लावायची दुपारी. मी घरी यायचो तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालत हेच म्हणत असायची. तिच्याकडून उचललं मी. तिथं ती थांबायची, म्हणून मी थांबलो. मला वाटायचं गाणंच तसं आहे.”

गाडीत एसी सुरू होता, तरी मला एकदम गरम झालं. प्लेअर बिघडलेला नव्हता. मम्मी रोज दुपारी चौथं ऐकून तिथंच बंद करत होती. आणि मी रोज चिडून पुढं जात होते.

पप्पा बोलतच राहिले, मम्मी गेल्यापासून इतके बोललेले मला आठवत नाहीत. प्लेअर गेल्यावर तिला सीडी फेकवेना, म्हणून तळं केलं. दर नाताळात दोघं मिळून ते ठेवायचे. पाण्याला पहिल्यांदा ती चाल वाजवली ती कोणाच्या तरी लग्नात, तिला चिडवायला, दुप्पट वेगाने. ती बायकांमध्ये कलशी घेऊन होती, लाजून लाल झाली, आणि नेमकी त्या जागी तिला दम लागला म्हणून थांबली. मागच्या बायकाही थांबल्या. पुढच्या लग्नात सगळ्याच थांबल्या. तेव्हापासून रीत.

मी विचारलं, मग सगळे फ्रेडीची चाल म्हणायचे तेव्हा सांगितलं का नाही? म्हणाले, “मी कधी म्हटलं माझी आहे? तिनेच शपथ घातली होती. म्हणे, कॉयरवाल्या हसतील.”

मग बराच वेळ सीडी पुढं चालत राहिली, पाचवं, सहावं. पप्पांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि एल्रॉयला विचारलं, “तो तुझा भांडुपचा पोरगा तिथं थांबणार नाही ना?”

एल्रॉय म्हणाला, नाही अंकल, सांगून बघितलं, ऐकत नाही.

“मग त्याला नको बोलावू,” पप्पा म्हणाले. “ते गाण्यातलं नाही. ते तिचं आहे.”

एल्रॉयने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि हॉर्न वाजला. 

६ जानेवारी, सोमवार

पेटी उतरवली. ट्रंपेट काळवंडलंय. पप्पांनी चिंचेने घासलं. पहिला सूर असा फुटका आला की शेजारच्या व्हिक्टोरिन आंटी धावत आल्या, कोणी पडलं का विचारत. मी आणि पप्पा पोट धरून हसलो.

९ जानेवारी, गुरुवार

ओठ सुजलेत त्यांचे. बर्फ लावून बसलेत. सोडत नाहीत. आज गाण्याच्या शेवटापर्यंत पोचले. मी गच्चीत ऐकत होते, जिच्यावर मम्मी कपडे वाळत घालायची त्याच दोरीशी.

११ जानेवारी, शनिवार

केसांतला मोगरा अजून तसाच, लुगडं सोडलेलं नाही, आधी लिहिते.

चर्चच्या पायऱ्यांपासून निघालो. एल्रॉयने गावातलेच वाजवणारे गोळा केले होते, पुढे पप्पा, पांढऱ्या शर्टात. ट्रंपेट तोंडाला लावलं आणि पहिल्या सुरालाच गल्ल्यांतून लोक बाहेर आले. फ्रेडी वाजवतोय, फ्रेडी वाजवतोय! कोणी शिट्ट्या मारल्या. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन दारात. माधुरी लुगड्यात अडखळत माझ्याशेजारी चालत होती, तिच्या कंबरेवर कलशी, चेहरा लालबुंद. मी तिला काहीच सांगितलेलं नाही. कोणालाच नाही सांगितलं. मम्मीची शपथ आहे.

विहिरीच्या वळणावर चाल तिसऱ्या ओळीशी आली. माझं सगळं लक्ष पप्पांच्या पाठीकडे. तिथवर ते छान वाजवत होते, पण घरी सरावात याच जागी त्यांचा दोनदा तोल गेला होता. पुढचा सूर फुटतच नव्हता.

ट्रंपेट थांबलं. ढोल थांबला. सगळ्या बायका थांबल्या, पुढच्या, मागच्या, रेनिटाच्या कॉलेजच्या मैत्रिणींनाही कोणीतरी हाताने धरून थांबवलं. माधुरी एक पाऊल पुढे गेली, तशी व्हिक्टोरिन आंटींनी तिचा पदर ओढला.

“इथं थांबायचं गो,” त्या म्हणाल्या. “लय जुनी रीत हाय आमची.”

मी कलशी घट्ट धरली आणि मोठा श्वास घेतला. पुढे पप्पांचे खांदेही वर गेले, तेवढाच श्वास त्यांनी घेतला.

आणि मग त्यांनी पुढचं वाजवलं.